होळीचं पुरण, गुजिया आणि धुळवडीची थंडाई : पाणी कुठे चुकतं?

होळीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला माझा फोन वाजायला लागतो. पहिला फोन बहुतेक भाचीचा असतो, "मामी, पुरण सैल झालं, आता काय करू?" दुसरा जावेचा, गुजिया कढईत उघडल्या आणि खवा तेलात पसरला म्हणून. तिसरा फोन धुळवडीला सकाळी येतो: थंडाई घशाला वाळूसारखी लागतेय, वर दुधाची चव कुठे दिसत नाही.

तिन्ही फोनांवर माझं उत्तर एकच असतं. पाणी. पुरणात कटाचं, म्हणजे डाळ शिजवलेलं, पाणी राहिलं, गुजियाच्या सारणात खव्याची वाफ राहिली, थंडाई वाटताना मिक्सरमध्ये भसाभस पाणी गेलं. कृती सगळ्यांना माहीत असते, प्रमाणंही तोंडपाठ असतात. कोणत्या वेळी पाणी काढायचं आणि कोणत्या वेळी थेंबाथेंबाने घालायचं, एवढंच चुकतं. म्हणून या लेखात पदार्थ कमी आणि टप्पे जास्त आहेत. सगळी मापं ८-१० माणसांच्या घरासाठी आहेत.

## १. कामाचा क्रम आधी ठरवा

नागपुरात रंग धुळवडीलाच खेळतात, म्हणजे दोन दिवसांत दोन वेगळे बेत. होळी पेटायच्या आत नैवेद्याला पुरणपोळी तयार हवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंगलेल्या लोकांच्या हातात थंडाई. तिन्ही पदार्थ एकाच दिवशी करायला घेतले की तिन्ही बिघडतात. मी असं वाटून घेते:

- होळीच्या दोन दिवस आधी : खरेदी.
- आदल्या दिवशी : गुजिया तळून मोकळ्या.
- होळीच्या सकाळी : डाळ आणि पुरण. दुपारी बाराच्या आत पुरण वाटून झालेलं हवं.
- होळीला दुपारी दोनला : कणीक भिजवणं. चार वाजता पोळ्यांना सुरुवात.
- होळीच्या रात्री : थंडाईचं भिजवण आणि दूध तापवणं.
- धुळवडीला सकाळी सहाला : वाटण, गाळण, मिसळण. दहा-अकराला थंडगार थंडाई.

या यादीतली सर्वांत जास्त चुकणारी ओळ पाचवी आहे. होळीच्या रात्री तुपातली पोळी जेवून डोळे मिटायला लागतात आणि बदाम डब्यातच राहतात. मी संध्याकाळी पोळ्यांना बसायच्या आधीच खसखस, मगज (टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया), बदाम मोजून वाट्यांत काढून ओट्यावर ठेवते. झोपताना फक्त पाणी घालायचं काम उरतं.

खरेदीचं थोडक्यात. सुकामेवा, खसखस, मगज, बडीशेप इतवारीत एकाच फेरीत मिळतं. हरभरा डाळ यंदाची नवी आहे की मागची जुनी, हे दुकानदाराला विचाराच, कारण शिजायच्या वेळेत फरक पडतो. चारोळीचा एक दाणा तिथेच चावून बघा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या जंगलातली चारोळी चांगली असते, पण तेलकट बी असल्याने जुनी झाली की खवट होते, आणि एक खवट मूठ सगळं सारण घालवते.

गूळ घेताना : फार पिवळाधमक, चकचकीत गूळ घेऊ नका. थोडा गडद, नखाने दाबल्यावर दाणेदार तुटणारा घ्या. खारट लागला तर परत ठेवा.

## २. गुजिया : सारण आधी, पीठ नंतर

आपल्या करंजीत बहुधा खोबऱ्याचं कोरडं सारण, गुजियात खवा. हा फरक लक्षात न घेता करंजीच्या सवयीने गुजिया करायला गेलं की ती उघडते. खव्यात पाणी असतं. तळताना त्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला कडेखेरीज जागा नसते.

लागेल : खवा २५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, बारीक रवा २ मोठे चमचे, चारोळी, वेलदोड्याची पूड. पारीसाठी मैदा २५० ग्रॅम, मोहनाला साजूक तूप ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ, तळायला तूप किंवा तेल. साधारण २२ गुजिया होतात.

सणाच्या आठवड्यात विकतच्या खव्यावर माझा विश्वास कमी. एक वर्षी ओळखीच्या दुकानातून घेतलेला खवा परतायला घेतला आणि कढईतून आंबट वास आला. तो अर्धा किलो गायीलाही घातला नाही. तेव्हापासून आणलेल्या खव्याची दोन मिनिटांची परीक्षा घेते. चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. निळा रंग आला तर त्यात पिठूळ भेसळ आहे. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्यायचा. घरी आटवायचा असेल तर १ लिटर म्हशीच्या दुधाचा २०० ग्रॅमच्या आसपास खवा पडतो.

खवा मंद आचेवर परता. आधी तो सैल होईल, घाबरू नका. मग कडेने तूप सुटायला लागेल आणि रंग बदामी-गुलाबी होईल. रवा वेगळा, कोरडाच भाजा. खोबरं नुसतं गरम करा, लाल करू नका.

सावधान : खवा हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय पिठीसाखर घालू नका. कोमट खव्यातही साखर विरघळते, सारण ओलं होतं आणि मग रवा कितीही घाला, ते सावरत नाही. परातीत पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा.

सारण निवत असताना पीठ. मैद्यात तूप घालून तळहातांनी चोळत राहा. मुठीत दाबल्यावर मूठ वळली आणि टेबलावर टाकल्यावर मोडली की मोहन बरोबर. मग पाणी चमच्या-चमच्याने. ९० ते १०० मिलिलिटरमध्ये घट्ट गोळा झाला पाहिजे. पोळीच्या कणकेसारखा मऊ गोळा इथे चालत नाही. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

पुरी लाटा, एकीकडे मोठा चमचाभर सारण, आणि कडेला दुधाचं बोट फिरवा. बोट फिरवायचं, दूध लावत सुटायचं नाही. कड जास्त ओली झाली की ती चिकटण्याऐवजी घसरते. मिटताना सारणाच्या बाजूने बोटांनी दाबत दाबत आतली हवा बाहेर काढा, मगच मुरड घाला. मुरड जमत नसेल तर काट्याने दाबा, कुणी हसणार नाही.

तेलाची तपासणी : मैद्याची छोटी गोळी टाका. ती तळाला जाऊन पाच-सहा सेकंदांनी बारीक बुडबुड्यांसह वर आली की आच ठीक. टाकताच उसळून वर आली तर तेल फार तापलंय. अशा तेलात गुजियाला बाहेरून फोड येतात आणि आतली पारी कच्ची राहते. एका घाण्याला दहा-बारा मिनिटं लागतातच.

मार्चमध्ये इथे दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास असतो. खव्याची गुजिया बाहेर दोन दिवस, त्यानंतर फ्रीज. गरम असताना डब्यात भरू नका, झाकणाला घाम धरतो आणि वरची पारी मऊ पडते.

## ३. डाळ : गूळ घालण्याआधीच सगळं ठरतं

पुरणासाठी : हरभरा डाळ ५०० ग्रॅम, गूळ ४५० ग्रॅम (आमच्याकडे अर्धा गूळ, अर्धी साखर चालते), वेलदोडे, जायफळ, हळद, मीठ.

डाळ तीन-चार पाण्यांनी धुऊन दोन तास भिजवा. शिजवायला नळाचं पाणी घ्या. आपल्या नळाला पेंच-कन्हानचं पाणी येतं, ते चालतं. पण ज्यांच्या इमारतीत बोअरचं जड पाणी आहे, त्यांची डाळ तास-तास शिजत नाही, कारण पाण्यातला चुना डाळीला मऊ होऊ देत नाही. मग लोक सोडा घालतात. सोड्याने डाळ विरघळून चिखल होते आणि कटाला साबणासारखी चव येते. त्यापेक्षा पिण्याच्या पाण्याचा कॅन उघडा.

डाळीच्या तिप्पट पाणी, पाव चमचा हळद, चमचाभर तेल. कुकरची पहिली शिटी मोठ्या आचेवर, मग आच एकदम बारीक करून दहा-बारा मिनिटं. डाळ जुनी असेल तर आणखी पाच. कुकर आपोआप उघडू द्या.

तपासणी : एक डाळ अंगठा आणि तर्जनीत दाबा. ती मेणासारखी पसरली पाहिजे आणि मधे कण लागता कामा नये. तरीही गंजातल्या (पातेल्यातल्या) डाळी अख्ख्या दिसल्या पाहिजेत. एकच डाळ बघू नका. तळाची, मधली, वरची अशा तीन बघा.

ही तपासणी मी एका वर्षी घाईत टाळली. पंचवीस माणसं जेवायला, दारात सासूबाईंच्या माहेरची मंडळी. डाळ 'जवळजवळ' शिजली होती, म्हटलं गुळात शिजेल. गुळात ती शिजत नाही. साखर आणि गुळातला चुना डाळीला उलट घट्ट धरून ठेवतात. दीड तास सराटा (उलथनं) फिरवला, पुरण तांबूस झालं, गंजाच्या बुडाला लागलं, तरी कण तसेच. शेवटी पुरणयंत्रातून तीनदा काढलं आणि संध्याकाळपर्यंत उजवा हात वर होत नव्हता. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काहून घाई केली बाई?"

## ४. कट काढणं

शिजलेली डाळ मोठ्या चाळणीत ओता, खाली गंज ठेवा, आणि वीस मिनिटं हात लावू नका. बहुतेक जण दोन मिनिटं चाळणी हलवतात आणि पुढे जातात. सैल पुरणाचं बीज इथे पडतं. चाळणीखाली थेंब पडायचे थांबले की मगच डाळ उचला. चमच्याने दाबून पाणी काढू नका, डाळीचाच गर खाली जातो.

खालचा कट घट्टसर, पिवळा दिसला पाहिजे. अगदी पाण्यासारखा असेल तर दोन चमचे डाळ त्यात घोटून घाला, आमटीला अंग येतं. कट उन्हाळ्यात लवकर आंबतो. सकाळचा कट संध्याकाळच्या आमटीसाठी ठेवायचा असेल तर एक उकळी काढून, गार करून फ्रीजमध्ये. आमटीची कृती इथे देत नाही, ती प्रत्येक घराची वेगळी असते आणि त्यावरून भांडणं होतात.

## ५. पुरण आटवणं

जाड बुडाच्या गंजात निथळलेली डाळ आणि चिरलेला गूळ एकत्र करा, मध्यम आच. पहिल्या पाच मिनिटांत गूळ वितळून सगळं पातळ होईल. नवशिके इथेच घाबरतात आणि बेसन शोधायला लागतात. थांबा. पंधरा ते वीस मिनिटांत ते आटतं. शेवटी शेवटी गरम शिंतोडे उडतात, म्हणून लांब दांड्याचा सराटा घ्या आणि लेकरांना ओट्यापासून लांब ठेवा.

तपासणी : पुरणाच्या मधोमध सराटा उभा रोवा. तो न कलंडता उभा राहिला की गॅस बंद. आणखी एक खूण म्हणजे ढवळताना पुरण गंजाची कड सोडून गोळ्यासारखं फिरतं. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होणार आहे, त्यामुळे कोरडं भुसभुशीत होईपर्यंत थांबू नका.

वेलदोडे, जायफळ, चिमूटभर मीठ गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर वास वाफेबरोबर उडून शेजाऱ्यांकडे जातो.

लगेच, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार पुरण यंत्रातून निघत नाही, आणि निघालं तरी दाणे राहतात. मिक्सर वापरणार असाल तर गूळ घालायच्या आधी, निथळलेली डाळच फिरवून घ्या, पाण्याचा थेंब न घालता. गुळाचं पुरण मिक्सरमध्ये टाकलं की ते पात्याला चिकटतं आणि मोटर रडते.

### बिघडलंच तर

सैल झालं : परत गंजात, मंद आचेवर, दहा मिनिटं. वेळ नसेल तर परातीत पातळ पसरून वर स्वच्छ सुती फडकं दाबा आणि पंख्याखाली ठेवा, फडकं पाणी ओढून घेतं. भाजलेलं बेसन हा शेवटचा उपाय. दोन चमच्यांच्या वर गेलात तर पोळी बेसनाच्या लाडवासारखी लागते.

कोरडं झालं : कोमट दूध, एका वेळी एक चमचा, आणि मळून घ्या. एकदम अर्धी वाटी ओतणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

## ६. कणीक

आपल्याकडची पोळी म्हणजे पारी पातळ, आत पुरण ठासून आणि वर वाटीभर तूप. पारी पातळ हवी तर कणकेला ताण सहन झाला पाहिजे. ३०० ग्रॅम बारीक चाळलेली कणीक, १०० ग्रॅम मैदा, मीठ, चिमूट हळद, दोन चमचे तेल. पाणी २५० मिलिलिटरच्या आसपास लागतं, पण ते दोन हप्त्यांत घाला. आधी पोळीसारखी कणीक भिजवून दहा मिनिटं ठेवा. मग उरलेलं पाणी हाताला लावत लावत तिंबा, आपटा, ओढा. शेवटी वरून चमचाभर तेल आणि झाकण. निदान दीड तास.

तपासणी : चिमटीत धरून ओढली तर न तुटता लांबली पाहिजे, आणि दाबल्यावर कानाच्या पाळीइतकी मऊ लागली पाहिजे. मग दुसऱ्या हातात पुरणाचा गोळा घेऊन दाबा. दोन्ही सारखेच मऊ हवेत. पुरण कणकेपेक्षा घट्ट असलं की लाटताना पारी फाटते आणि पुरण जागेवरच राहतं. कणीक घट्ट असली तर पुरण कडेपर्यंत जात नाही आणि पोळीच्या काठाला नुसती चपाती उरते. पोळी फुटते तेव्हा लाटण्याला दोष देऊ नका. दहापैकी आठ वेळा हा मऊपणाच जुळलेला नसतो.

## ७. भरणं, लाटणं, भाजणं

लिंबाएवढी कणीक, तिच्या दुप्पट पुरण. या प्रमाणात साधारण २० पोळ्या होतात. पारीची कड मधल्या भागापेक्षा पातळ करा, कारण मिटताना कड एकावर एक येते. तोंड बंद करून वर उरलेली शेंडी चिमटीने तोडून टाका. ती आत दाबली तर पोळीच्या मधोमध कच्च्या कणकेची गाठ राहते.

लाटायला तांदळाची पिठी. गोळा आधी तळहाताने चपटा करा, मिटलेली बाजू खाली. लाटणं कडेकडेने फिरवा, मधे जोर देऊ नका. पोळी पोळपाटावर स्वतः फिरत राहिली की समजा जमलं. चिकटली तर ओढू नका, खालून पिठी सरकवा.

तव्यावर टाकण्याआधी वरची जास्तीची पिठी झटका, नाहीतर ती तव्यावर जळून पुढच्या पोळीला काळे ठिपके देते. आच मध्यम. पहिली बाजू बदामी ठिपके येईपर्यंत, मग एकदाच उलटा. तूप दोन्ही बाजू भाजल्यावर सोडा. कच्च्या बाजूला तूप लागलं की पारी वातड होते. दर तीन पोळ्यांनी तवा ओल्या फडक्याने पुसा.

भाजलेल्या पोळ्या एकावर एक रचू नका. पहिल्या दहा मिनिटांत त्या कागदावर किंवा सुती कापडावर सुट्या पसरा, वाफ गेली की मग थर लावा. मधे कागद न घालता गरम पोळ्या डब्यात ठेवल्या की तळातल्या दोन ओल्या होऊन चिकटतात, आणि त्या नेमक्या उशिरा आलेल्या पाहुण्याच्या पानात पडतात.

नैवेद्याच्या पोळ्या पहिल्याच घाण्यात बाजूला काढून ठेवा. सूर्यास्त साडेसहाच्या आत होतो. त्या वेळी पोळपाटावर बसलेले असाल तर होळीला हात जोडायला मिळत नाहीत.

उरलेलं पुरण घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस नीट राहतं. पोळ्या दुसऱ्या दिवशी थंड दुधात कुस्करून खाव्यात. ताजीपेक्षा मला शिळीच जास्त आवडते, हे घरात कुणाला पटत नाही.

## ८. थंडाईचं भिजवण : तीन वाट्या, दोन वेळा

दूध २ लिटर (म्हशीचं किंवा फुल क्रीम), साखर २०० ग्रॅम, बदाम ६० ग्रॅम, मगज ३० ग्रॅम, खसखस ३० ग्रॅम, काजू १५, बडीशेप २ मोठे चमचे, काळी मिरी २० दाणे, हिरवे वेलदोडे १०, वाळलेल्या गुलाबपाकळ्या २ मोठे चमचे, केशर २० काड्या.

सगळं एकाच गंजात भिजवणं ही थंडाईतली पहिली चूक. बदामाला रात्र लागते, बडीशेपेला तास पुरतो. रात्रभर पाण्यात राहिलेली बडीशेप आणि मिरी आपला सगळा वास पाण्यात सोडून देतात आणि ते पाणी आपण ओतून टाकतो.

पहिली वाटी बदाम-काजू. दुसरी खसखस आणि मगज. या दोन्ही रात्री, फ्रीजमध्ये. या दिवसांत ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या भिजवणाला सकाळी आंबूस वास येतो, म्हणून फ्रीज. तिसरी वाटी बडीशेप, मिरी, गुलाबपाकळ्या. ही सकाळी उठल्यावर, अर्धी वाटी कोमट पाण्यात. हे पाणी फेकायचं नाही, वाटताना तेच वापरायचं.

खसखस आधी निवडा, मग भिजवा. पाण्यात टाकून बोटाने ढवळा, खसखस हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, तळाशी वाळूचे कण दिसतील. दोनदा करा. थंडाई दाताखाली करकरते ती खसखशीमुळे नव्हे, या वाळूमुळे.

रात्री विसरलात तर? बदाम उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, सालं निघतात. खसखस-मगज गरम दुधात पाऊण तास. थंडाई होईल, रात्रीच्या भिजवणाइतकी गुळगुळीत होणार नाही.

रात्रीच दूध उकळून घ्या. साखर गरम दुधातच विरघळवा, केशर दोन चमचे कोमट दुधात वेगळं खलून घाला. दूध निवलं की झाकून फ्रीजमध्ये. सकाळी वरची साय काढा, नाहीतर ग्लासात तिचे तुकडे फिरतात.

## ९. वाटण आणि गाळण

बदामाची सालं काढा, त्यांनी कडवटपणा आणि मातकट रंग येतो. बदाम-खसखशीचं भिजवणाचं पाणी ओतून द्या.

मिक्सरमध्ये क्रम असा : आधी एकटी खसखस आणि मगज, दोन-तीन चमचे पाण्यात. पाणी जास्त झालं की खसखस पात्याखाली येतच नाही, नुसती गोल फिरते. ती पांढऱ्या लोण्यासारखी झाली की बडीशेप-मिरी-गुलाब त्यांच्या पाण्यासकट, सोललेले वेलदोडे, आणि शेवटी बदाम-काजू. मधे मिक्सर थांबवत राहा. भांडं तापलं की बदाम तेल सोडतो आणि थंडाईवर तवंग येतो.

तपासणी : थोडं वाटण जिभेवर ठेवून टाळूला घासा. रव्यासारखं लागलं तर अजून दोन फेऱ्या.

आता मलमलचं फडकं. वाटणात दोन वाट्या थंड दूध कालवून गाळा आणि पिळा. फडक्यातला चोथा परत मिक्सरमध्ये, पुन्हा वाटीभर दूध, पुन्हा गाळा. निम्मी चव या दुसऱ्या पिळणीत असते आणि बहुतेक घरांत ती कचऱ्याच्या डब्यात जाते. उरलेला कोरडा चोथा मी दुसऱ्या दिवशी शिऱ्यात घालते.

गाळलेलं सगळं थंड दुधात मिसळा आणि झाकून निदान तीन तास फ्रीजमध्ये मुरू द्या. मिरी मुरताना वाढते. सकाळी सौम्य लागली म्हणून आणखी दाणे घातले तर अकरा वाजता लेकरं ठसकतात. गोडीचं उलटं आहे. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून साखरेची चव थंड झाल्यावर, देण्याआधी बघा आणि लागली तर पिठीसाखर घाला.

बर्फ ग्लासात टाकू नका. एवढा खटाटोप करून पाणी कमी केलं ते परत ग्लासात कशाला? घमेल्यात बर्फ आणि मूठभर खडं मीठ, त्यात थंडाईचा गंज ठेवा. रंगाच्या मैदानात गंजावर झाकण आणि ओगराळं आतच, कारण गुलालाचे हात थेट गंजात जातात. उन्हात, बर्फाशिवाय ठेवलेली थंडाई तासाभराच्या वर कुणाला देऊ नका.

पाहुण्यांना विचारा. बदाम-काजूची ॲलर्जी असणाऱ्याला थंडाई बघून कळत नाही, कारण सगळं गाळलेलं असतं. आणि भांगेचं काही करणारे सोबत असतील, तर घराच्या गंजाला त्यांचा हात लागू देऊ नका. त्याच गंजातून आजोबा आणि चार वर्षांची नात दोघंही पिणार असतात.

एक खास नागपुरी मोह म्हणजे संत्री. या दिवसांत मृग बहाराची संत्री बाजारात असतात आणि कुणीतरी थंडाईत रस पिळतोच. दूध फाटतं. संत्र्याचा वास हवाच असेल तर सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग चिमूटभर किसून वाटणात घाला. आतला पांढरा भाग कडू.

## १०. ज्यांना दूध नको त्यांना पन्हं

होळीच्या सुमाराला कैरी बाजारात नुकती उतरलेली असते. कोय धरलेली, हाताला जड लागणारीच घ्या, अगदी बारक्या कैऱ्यांत गर नसतो. देठ कापून तासभर पाण्यात ठेवा म्हणजे चीक निघून जातो. कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता, फक्त खालच्या पाण्याच्या वाफेवर दोन शिट्या. पाण्यात उकडली की आंबटपणा पाण्यात उतरतो.

गर कोमट असताना मोजा. एक वाटी गराला दीड वाटी किसलेला गूळ, फार आंबट असेल तर दोन. मीठ, वेलदोडे, आवडत असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड. गाळून काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा, आयत्या वेळी ग्लासाला तीन मोठे चमचे आणि माठातलं पाणी. कल्हई गेलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात पन्हं कधीच कालवू नका. आंबटाने धातू उतरतो आणि मळमळ होते. थंडाईचं पितळी घंगाळ धुऊन त्यातच पन्हं करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर आधी आत वाकून कल्हई कुठे पिवळी पडलीय का ते उजेडात बघा.